प्रोग्रॅम उघडताना दरवेळी येणारा अ‍ॅडमिन परवानगीचा प्रॉम्प्ट: तो का येतो आणि यूएसी बंद न करता कसा टाळायचा

रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमवर डबल-क्लिक केलं की स्क्रीन अंधारते आणि ‘या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का’ असं इंग्रजीत विचारणारी विंडो समोर येते. ‘येस’ दाबल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. हे दिवसभर चाललं की माणूस न वाचताच ‘येस’ दाबायला लागतो, आणि धोका नेमका तिथे आहे. ज्या दिवशी भलताच प्रोग्रॅम परवानगी मागेल, त्या दिवशी त्यालाही तितक्याच सवयीने होकार मिळेल. म्हणून नको तिथले प्रॉम्प्ट काढून टाकणं हे सोयीइतकंच सुरक्षिततेचंही काम आहे. फक्त त्यासाठी विंडोजची ही सगळी व्यवस्थाच बंद करू नका. ज्या प्रोग्रॅमचा त्रास आहे, त्याच्यापुरता इलाज करता येतो.

आधी विंडो कुठली आहे ते बघा

तीन वेगवेगळ्या विंडोंची नेहमी गल्लत होते आणि मग चुकीच्या जागी उपाय केला जातो.

स्क्रीन अंधारून मधोमध येते ती यूएसीची, म्हणजे ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ची. वरची पट्टी निळी असेल तर प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही आहे. पिवळी असेल तर सही नाही किंवा ती तपासता आलेली नाही. ‘शो मोअर डिटेल्स’वर क्लिक केलं की फाइल नेमकी कुठल्या फोल्डरमधून चालते आहे ते दिसतं. ‘येस’ दाबण्याआधी बघायची सर्वांत कामाची गोष्ट हीच.

‘ओपन फाइल – सिक्युरिटी वॉर्निंग’ ही दुसरी. तिचा अ‍ॅडमिनशी संबंध नाही. फाइल इंटरनेटवरून उतरवली अशी खूण विंडोज त्या फाइलला चिकटवून ठेवतं, त्यामुळे ती येते. फाइल खात्रीची असेल तर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘जनरल’ टॅबमध्ये खाली ‘अनब्लॉक’वर टिक करा आणि ‘ओके’ द्या. झिप फाइल असेल तर उलगडण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा. नाहीतर ती खूण आतल्या फाइलींनाही लागते आणि एकेक करत बसावं लागतं.

तिसरी विंडो स्मार्टस्क्रीनची, ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ असं म्हणणारी. एका फाइलसाठी ती साधारणपणे एकदाच येते, तिच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

इथून पुढचं सगळं पहिल्या विंडोबद्दल.

यूएसी विचारतं कशासाठी

ही व्यवस्था २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आली. तुमचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असलं तरी लॉग-इन करताना विंडोज तुमच्यासाठी दोन ओळखपत्रं बनवतं: एक पूर्ण अधिकारांचं, दुसरं अधिकार काढून घेतलेलं. डेस्कटॉप, फाइल एक्सप्लोरर आणि तिथून उघडलेले प्रोग्रॅम दुसऱ्या ओळखपत्रावर चालतात. एखाद्याला पहिलं हवं असेल तर विंडोज तुम्हाला विचारतं. ‘मी अ‍ॅडमिन आहे तरी का विचारतं?’ याचं उत्तर एवढंच.

प्रोग्रॅम ते पहिलं ओळखपत्र मागतो त्याची कारणं ठरलेली आहेत. एक, बनवणाऱ्याने प्रोग्रॅमच्या आतच ‘मला अ‍ॅडमिन अधिकार हवेत’ असं नोंदवलेलं असतं. अशा प्रोग्रॅमच्या आयकॉनवर निळी-पिवळी ढाल दिसते. दोन, कधीतरी कोणीतरी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची टिक लावून ठेवलेली असते. तीन, जुन्या ३२-बिट प्रोग्रॅममध्ये अशी नोंदच नसते आणि फाइलच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ असतं. विंडोज त्याला इन्स्टॉलर समजून परवानगी मागतं. चार, प्रोग्रॅम स्वतः काहीच मागत नाही, पण तो उघडताच त्याचा अपडेटर जागा होतो आणि तो मागतो. हे शेवटचं ओळखणं सोपं आहे: प्रॉम्प्टमधलं नाव तुम्ही उघडलेल्या प्रोग्रॅमचं नसतं, किंवा त्याच्यापुढे ‘अपडेटर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

मुळात अधिकार लागतात का?

बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून टास्क शेड्यूलरकडे (ठरवून ठेवलेली कामं चालवणारी विंडोजमधली सोय, तिच्याबद्दल पुढे) धावण्याआधी हे करून बघा.

प्रोग्रॅमच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘शॉर्टकट’ टॅबमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटणाखाली ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ला टिक असेल तर काढा. मग ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबमध्ये जाऊन ‘रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची टिक काढा. तिथली टिक पुसट दिसत असेल आणि हलत नसेल, तर खालच्या ‘चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूझर्स’ बटणात जा. ती तिथे लावलेली असते. शॉर्टकट तपासून झाला की मूळ ई-एक्स-ई फाइलचीही, म्हणजे ज्या फाइलमुळे प्रोग्रॅम चालतो तिचीही, प्रॉपर्टीज बघा. टिक एकीकडे काढली आणि दुसरीकडे राहिली तर फरक पडणार नाही.

टिक काढल्यावर काही प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज अचानक बदललेल्या दिसतात, जुन्या फाइली गायब वाटतात. काहीही गेलेलं नसतं. नोंद नसलेला जुना ३२-बिट प्रोग्रॅम साध्या अधिकारांनी ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये काही लिहायला गेला, तर विंडोज ते लिखाण गुपचूप तुमच्या ‘अ‍ॅपडेटा’मधल्या ‘लोकल’ आणि त्याच्या आतल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवतं. अ‍ॅडमिन म्हणून चालवलं की ही वळवावळवी होत नाही. थोडक्यात, एकाच प्रोग्रॅमच्या दोन सेटिंग फाइली तयार झालेल्या असतात. प्रोग्रॅम बंद करून हवी ती फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी केली की काम भागतं.

आता लोक ती टिक लावतात तरी का? बहुतेक वेळा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं म्हणून. प्रोग्रॅम आपला डेटा किंवा लॉग स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतो, आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायची परवानगी साध्या ओळखपत्राला नाही. प्रोग्रॅम इन्स्टॉल न करता चालणारा असेल आणि कोणीतरी तो फोल्डर नुसता उचलून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकलेला असेल, तर तो तिथून काढून तुमच्या यूझर फोल्डरमध्ये ठेवा. इन्स्टॉल केलेला असेल तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा बदलता येते का ते शोधा. तीही सोय नसेल तर डेटा ज्यात जातो तेवढ्याच उपफोल्डरवर परवानगी द्या: राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’ टॅब, ‘एडिट’, यादीतून ‘यूझर्स’ निवडा, ‘मॉडिफाय’खाली ‘अलाउ’ला टिक करा. ज्या फोल्डरमध्ये ई-एक्स-ई आणि डी-एल-एल (प्रोग्रॅमचा जोडीचा कोड ठेवणाऱ्या) फाइली आहेत, त्याला मात्र ही परवानगी कधीही देऊ नका. कारण पुढे येईलच.

अपडेटरचा त्रास असेल तर दोनच मार्ग बरे. एकदा परवानगी देऊन अपडेट शेवटपर्यंत होऊ द्या. अर्धवट सोडलेला अपडेट पुढच्या वेळी पुन्हा विचारणारच. नाहीतर प्रोग्रॅम काढून पुन्हा इन्स्टॉल करा आणि इन्स्टॉलर विचारेल तेव्हा ‘फक्त माझ्यासाठी’ हा पर्याय निवडा. मग तो तुमच्या ‘अ‍ॅपडेटा’खाली बसतो आणि अपडेटला अ‍ॅडमिन लागत नाही. अपडेट कायमचे बंद करणं हा तिसरा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

राहिले ते प्रोग्रॅम, ज्यांच्या आतच मागणी नोंदवलेली आहे पण तुम्हाला हवं ते काम साध्या अधिकारांतही होतं. त्यांना ‘मागू नकोस, आहे तसा चाल’ असं सांगता येतं. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहा, सगळ्या इंग्रजीत. पहिली ओळ: ‘सेट’, एक स्पेस, दोन अंडरस्कोर, लगेच ‘कॉम्पॅट’, एक अंडरस्कोर, ‘लेयर’, बरोबरचं चिन्ह आणि न तोडता ‘रन-अ‍ॅज-इन्व्होकर’. स्पेलिंग सांगायचं तर ‘कॉम्पॅट’ म्हणजे सी-ओ-एम-पी-ए-टी आणि ‘इन्व्होकर’ म्हणजे आय-एन-व्ही-ओ-के-ई-आर. रन, अ‍ॅज आणि इन्व्होकर हे तीन शब्द जोडून लिहायचे, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. दुसरी ओळ: ‘स्टार्ट’, स्पेस, रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं, स्पेस आणि मग अवतरणचिन्हांत ई-एक्स-ईचा पूर्ण पत्ता. ती रिकामी अवतरणचिन्हं गाळू नका. ‘स्टार्ट’ ही आज्ञा अवतरणातला पहिला मजकूर विंडोचं शीर्षक समजते आणि मग प्रोग्रॅमऐवजी नुसती काळी विंडो उघडते. सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी डॉट बी-ए-टी लावा. विंडोजचा रजिस्ट्री एडिटर असा उघडून बघा: प्रॉम्प्ट येत नाही, तुमच्या खात्यापुरत्या नोंदी बदलता येतात, फक्त पूर्ण संगणकाच्या नोंदी बदलू देत नाही. ज्या प्रोग्रॅमला खरोखर अधिकार लागतात तो असा उघडला तर मध्येच अडेल किंवा चूक दाखवून बंद होईल. मग त्याच्यासाठी पुढचा उपाय.

खरोखर अधिकार लागत असतील तर: टास्क शेड्यूलर

हार्डवेअरचं तापमान वाचणारे, पंख्यांचा वेग बदलणारे, डिस्कचे विभाग हाताळणारे, नेटवर्कची पॅकेट पकडणारे प्रोग्रॅम अधिकारांशिवाय चालत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे: परवानगी एकदाच, टास्क बनवताना द्यायची आणि नंतर तो टास्क शॉर्टकटने चालवायचा. तुमचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गटातलं असायला हवं, ही एकच अट.

१. स्टार्ट मेन्यूत ‘टास्क शेड्यूलर’ शोधा आणि राइट-क्लिक करून अ‍ॅडमिन म्हणून उघडा. उजवीकडून ‘क्रिएट टास्क’ निवडा. त्याच्याच वरचं ‘क्रिएट बेसिक टास्क’ नको. त्यात लागणारे पर्याय समोर येत नाहीत.

२. ‘जनरल’ टॅबमध्ये छोटं, इंग्रजी, स्पेस नसलेलं नाव द्या. ‘रन ओन्ली व्हेन यूझर इज लॉग्ड ऑन’ आहे तसंच राहू द्या. त्याच्या खालचा पर्याय निवडलात तर प्रोग्रॅम पडद्यामागे चालतो आणि त्याची विंडो कधीच दिसत नाही. मग ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ला टिक करा; सगळा खेळ या टिकेचा आहे. खाली ‘कॉन्फिगर फॉर’मध्ये विंडोज १० निवडा, विंडोज ११ असलं तरीही.

३. ‘ट्रिगर्स’ टॅब रिकामा सोडा.

४. ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘न्यू’, मग ‘स्टार्ट अ प्रोग्रॅम’, आणि ‘ब्राउझ’ करून ई-एक्स-ई निवडा. ‘स्टार्ट इन’मध्ये ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता टाका, आणि इथे अवतरणचिन्हं लावू नका, पत्त्यात स्पेस असली तरी. लावलीत तर फोल्डरचं नाव चुकीचं असल्याची चूक येऊन टास्क चालत नाही. ही जागा रिकामी सोडली तर प्रोग्रॅम सिस्टीम फोल्डरमध्ये उघडल्यासारखा वागतो, आणि शेजारच्या सेटिंग फाइल शोधणारे प्रोग्रॅम तिथे अडखळतात.

५. ‘कंडिशन्स’मध्ये ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कम्प्युटर इज ऑन एसी पॉवर’ची टिक काढा. लॅपटॉपवर ‘चार्जर लावला की चालतं, काढला की चालत नाही’ ही तक्रार याच टिकेमुळे येते.

६. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अलाउ टास्क टू बी रन ऑन डिमांड’ला टिक असल्याची खात्री करा. ‘स्टॉप द टास्क इफ इट रन्स लाँगर दॅन’ची टिक काढा, मूळ मुदत ३ दिवसांची असते आणि ती संपली की चालू प्रोग्रॅम न विचारता बंद केला जातो. एकाच वेळी दोन विंडो उघडायच्या असतील तर सर्वांत खालच्या यादीत ‘रन अ न्यू इन्स्टन्स इन पॅरलल’ निवडा. नाहीतर पहिली विंडो उघडी असताना शॉर्टकटवर कितीही क्लिक केलं तरी काही होत नाही.

‘ओके’ देऊन यादीत टास्कवर राइट-क्लिक करा आणि ‘रन’ म्हणा. प्रॉम्प्ट न येता प्रोग्रॅम उघडला पाहिजे. ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये ४१३०१ दिसलं तर घाबरू नका, टास्क सध्या चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. ८००७०००२ किंवा नुसता २ आला तर फाइल त्या पत्त्यावर सापडलेली नाही.

आता शॉर्टकट. डेस्कटॉपवर राइट-क्लिक, ‘न्यू’, ‘शॉर्टकट’. ‘ब्राउझ’ करून विंडोज फोल्डरमधल्या सिस्टीम३२ फोल्डरमधली एस-सी-एच-टी-ए-एस-के-एस नावाची ई-एक्स-ई फाइल निवडा. त्या पत्त्याच्या शेवटी कर्सर नेऊन इंग्रजीत टाइप करा: स्पेस, स्लॅश आणि लगेच आर-यू-एन, पुन्हा स्पेस, स्लॅश आणि लगेच टी-एन, पुन्हा स्पेस आणि दुहेरी अवतरणचिन्हांत टास्कचं नाव. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कीवरचा, बॅकस्लॅश नव्हे. टास्क शेड्यूलरमध्ये तुम्ही वेगळा फोल्डर करून टास्क त्यात ठेवला असेल, तर नावाआधी फोल्डरचं नाव आणि बॅकस्लॅश जोडावा लागतो.

शॉर्टकट बनला की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रन’ समोर ‘मिनिमाइझ्ड’ निवडा, म्हणजे काळी विंडो क्षणभर डोळ्यांसमोर चमकणार नाही. ‘चेंज आयकॉन’मधून मूळ ई-एक्स-ई निवडली की नेहमीचा आयकॉन मिळतो. शॉर्टकट टास्कबारवर पिन केलात तर चालू प्रोग्रॅमची विंडो त्या आयकॉनखाली न जाता शेजारी वेगळी दिसेल. त्याला इलाज नाही.

प्रोग्रॅम लॉग-इनबरोबर आपोआप सुरू व्हायला हवा असेल तर तोच टास्क उघडून ‘ट्रिगर्स’मध्ये ‘अ‍ॅट लॉग ऑन’ जोडा, ‘स्पेसिफिक यूझर’मध्ये तुमचं खातं ठेवा आणि ‘डिले टास्क फॉर’मध्ये ३० सेकंद द्या. स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकलेले अ‍ॅडमिन मागणारे प्रोग्रॅम अनेकदा उघडतच नाहीत. तिथेही हाच टास्क कामाला येतो.

प्रोग्रॅम संथ वाटतोय?

टास्कमधून उघडलेला प्रोग्रॅम विंडोज मूळात ७ या प्राधान्यावर चालवतं, म्हणजे नेहमीपेक्षा एक पायरी खाली. साध्या प्रोग्रॅमला फरक जाणवत नाही. जड काम करणाऱ्याला, विशेषतः संगणक इतर कामांत गुंतलेला असताना, जाणवतो. टास्क शेड्यूलरच्या विंडोत हे बदलायची जागाच नाही. टास्कवर राइट-क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा, तयार झालेली एक्स-एम-एल फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ‘प्रायॉरिटी’ या खुणांमधला ७ काढून तिथे ५ लिहा आणि सेव्ह करा. जुना टास्क डिलीट करून ‘इम्पोर्ट टास्क’ने ही फाइल आत घ्या. ४, ५ आणि ६ हे तिन्ही आकडे सामान्य प्राधान्याचे आहेत. त्याच्या वर जायची गरज नाही.

टास्क कशासाठी बनवू नये

एकदा टास्क बनला की तो तुमच्या शॉर्टकटनेच चालतो असं नाही. तुमच्या खात्यात चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, अगदी ब्राउझरमधून शिरलेला एखादा घातक प्रोग्रॅमसुद्धा, तो चालवू शकतो. म्हणून टास्क ज्या फाइलकडे बोट दाखवतो ती फाइल साध्या अधिकारांनी बदलता येणार नाही अशाच जागी हवी. डेस्कटॉप, डाउनलोड्स किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरच्या मोकळ्या फोल्डरमधल्या ई-एक्स-ईसाठी टास्क बनवलात, तर तिच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल ठेवणं कोणालाही जमतं, आणि ती पूर्ण अधिकारांनी, तुम्हाला न विचारता चालते. असा प्रोग्रॅम आधी ‘प्रोग्रॅम फाइल्स’खाली हलवा. ई-एक्स-ईच्या फोल्डरवर ‘मॉडिफाय’ परवानगी देऊ नका असं वर म्हटलं ते याचसाठी. डॉट बी-ए-टी फाइलींनाही हाच नियम.

पॉवरशेल आणि कमांड प्रॉम्प्टसाठी, म्हणजे आज्ञा टाइप करून कामं करायच्या विंडोंसाठी, टास्क बनवूच नका. पॉवरशेल उघडताना तुमच्या ‘डॉक्युमेंट्स’मधली प्रोफाइल स्क्रिप्ट चालवू शकतं. ती फाइल बदलायला अ‍ॅडमिन लागत नाही, त्यामुळे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ची भिंत बाजूने ओलांडली जाते.

आणखी दोन मर्यादा. डॉक्युमेंटवर डबल-क्लिक केलं तर ते या टास्कमधून उघडत नाही, कारण टास्कला फाइलचं नाव आयत्या वेळी देता येत नाही. शिवाय अ‍ॅडमिन अधिकारांनी चालणाऱ्या विंडोत एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही आणि जोडलेले नेटवर्क ड्राइव्हही अनेकदा दिसत नाहीत. ओढून टाकण्याऐवजी प्रोग्रॅममधला ‘ओपन’ मेन्यू वापरा, आणि ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या.

एकाच बैठकीत चार-पाच प्रोग्रॅम उघडायचे असतील तर

अशा वेळी टास्क बनवत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’ निवडा, प्रोग्रॅमचा पत्ता द्या आणि ‘क्रिएट धिस टास्क विथ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेस’ला टिक करा. यूएसीची पातळी मूळची असेल आणि खातं अ‍ॅडमिनचं असेल, तर प्रॉम्प्ट येत नाही. किंवा एकदा परवानगी देऊन टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि बाकीचे प्रोग्रॅम त्यातून चालवा. त्यांना तेच अधिकार मिळतात. काम संपलं की ते टर्मिनल बंद करा.

स्लायडर, साठवलेला पासवर्ड आणि ऑफिसचा संगणक

विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, यूएसीला चार पातळ्यांचा स्लायडर आहे. वरून दुसरी पातळी मूळची. तिसरीत प्रॉम्प्ट तेवढेच येतात, फक्त स्क्रीन अंधारत नाही. ते अंधारणं म्हणजे इतर प्रोग्रॅमना त्या विंडोपासून दूर ठेवणारा वेगळा डेस्कटॉप असतो. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असून स्क्रीन बदलायला वेळ लागत असेल, तरच या पातळीचा विचार करा. सर्वांत खालच्या पातळीवर अ‍ॅडमिन खात्यातला कोणताही प्रोग्रॅम न विचारता पूर्ण अधिकार घेऊ शकतो. एका प्रोग्रॅमच्या कटकटीसाठी ही किंमत फार मोठी आहे. कोणी स्लायडर खाली केलेला सापडला तर आधी तो वर घ्या, मग वरचे उपाय करा.

दुसऱ्या खात्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘रन-अ‍ॅज’ आज्ञेला पासवर्ड साठवायचा पर्याय जोडणं हा उपायही बराच फिरवला जातो. साठवलेला पासवर्ड एका प्रोग्रॅमपुरता राहत नाही; त्या खात्यातून कुठलाही प्रोग्रॅम त्या अ‍ॅडमिनच्या नावाने चालवता येतो. हा पासवर्ड आधीच साठवलेला असेल तर कंट्रोल पॅनलच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली शोधून काढून टाका.

खातं साधं, म्हणजे ‘स्टँडर्ड’ असेल तर प्रॉम्प्टमध्ये ‘येस’ऐवजी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. अशा खात्यात ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची टिक लावूनही जास्तीचे अधिकार मिळत नाहीत, कारण खात्याला मुळात ते नाहीतच. घरचा संगणक असेल तर अ‍ॅडमिनकडून डेटा फोल्डरवर परवानगी घ्या किंवा प्रोग्रॅम ‘फक्त माझ्यासाठी’ इन्स्टॉल करा. ऑफिसच्या संगणकावर आयटी विभागाला तीन गोष्टी लिहून पाठवा: प्रॉम्प्टमध्ये दिसणारं प्रोग्रॅमचं नाव, ‘शो मोअर डिटेल्स’मधला पूर्ण पत्ता, आणि ‘येस’ न दिल्यास नेमकं कुठलं काम अडतं. एवढी माहिती हातात असेल तर त्यांना सगळ्या संगणकांसाठी एकदाच परवानगी लावून देता येते.